शिकागोची अक्कादियन डिक्शनरी (फुकट पीडीएफ): ‘देणे’ या एका क्रियापदावरून केलेला रिव्ह्यू

मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर येणी-देणी, व्हाउचर, थकबाकी, कुणाला किती दिले नि कुणाकडून किती यायचेत. अक्कादियन (आजच्या इराकमधली, मातीच्या पाट्यांवर लिहिलेली प्राचीन भाषा) शिकायला लागले तेही याच वाटेने. ब्रिटिश म्युझियममधली ती प्रसिद्ध तक्रारीची पाटी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, उर शहरात सापडलेली, इसवी सनपूर्व १७५० च्या आसपासची, नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेली. त्यात नन्नी म्हणतो, तू आलास तेव्हा मला म्हणालास की गिमिल-सिनला चांगल्या प्रतीचं तांबं देईन, आणि प्रत्यक्षात माझ्या माणसासमोर हलका माल ठेवलास आणि वर म्हणालास घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालते व्हा. ते वाचलं आणि मला वाटलं हे तर आमच्या ऑफिसात येणाऱ्या मेलसारखंच आहे, तेच शब्द, तोच राग. त्यातला तो ‘देईन’ मूळ भाषेत काय आहे हे बघायचं होतं. तो शब्द आहे ‘अनद्दिन’, क्रियापद नदानुम, म्हणजे देणे.

(उच्चार मी सरळ देवनागरीत लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याकडे लिहिताच येतात त्यामुळे सोयीचं पडतं, काही घशातले आणि जोरकस व्यंजनं मात्र जवळच्या अक्षराने भागवली आहेत.)

आधी एक ऑनलाइन कोर्स केला होता, पैसे भरून, नाव घेत नाही. त्यात क्रियापदांची एक स्लाइड होती, नदानुम समोर एक अर्थ ‘टू गिव्ह’, पुढचं क्रियापद, पुढचा अर्थ, संपलं. दोन महिन्यांनी माझ्याकडे दोनशे शब्दांची यादी होती आणि एक ओळ सलग वाचता येत नव्हती. तिथेच एका सहाध्यायी ताईंनी सांगितलं, अगं यादी सोड आणि शिकागोची डिक्शनरी उघड, एकच क्रियापद घे आणि त्याचं सगळं आर्टिकल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. त्या ताईंचे उपकार आहेत माझ्यावर. हा रिव्ह्यू त्या डिक्शनरीचा आहे, आणि मी तो नदानुम या एकाच शब्दावरून लिहितेय कारण माझी कसोटी तीच होती, रोजच्या वापरातलं साधं क्रियापद जी डिक्शनरी नीट समजावून देते ती चांगली.

वस्तू काय आहे ते आधी. शिकागो असीरियन डिक्शनरी, शिकागो युनिव्हर्सिटीच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने काढलेली (इन्स्टिट्यूटचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण सगळे अजून जुनंच म्हणतात). जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९२१ मध्ये काम सुरू केलं तेव्हा या भाषेला असीरियनच म्हणायचे म्हणून नाव तसं राहिलं, आत भाषा अक्कादियन, म्हणजे बॅबिलोनियन आणि असीरियन या तिच्या दोन्ही बोली. शब्द वाक्यासकट कार्डावर उतरवायचा, असं करत करत जवळजवळ वीस लाख कार्डं झाली. पहिला छापील खंड यायला १९५६ उजाडलं आणि सगळं पूर्ण झालं २०११ ला, नव्वद वर्षं. ए. लिओ ओपेनहाइम, मग एरिका रायनर, मग मार्था रॉथ, संपादकांच्या पिढ्या गेल्या त्यात. एकवीस खंड, पण काही खंडांचे भाग असल्यामुळे पुस्तकं सव्वीस, शब्द साधारण २८,०००. पूर्ण झाली तेव्हा छापील सेटची किंमत १,९९५ डॉलर होती, आणि इन्स्टिट्यूटच्या साइटवर सगळ्याच्या सगळ्या पीडीएफ फुकट आहेत, लॉगिन नाही काही नाही. सव्वीसच्या सव्वीस.

नदानुम मिळतं एन अक्षराच्या पहिल्या भागात, १९८० चा आहे तो. डिक्शनरीत शब्द ‘नदानु’ असा असतो, शेवटचा म नसतो, कारण नंतरच्या काळात तो गळला आणि यांनी तेच रूप धरलंय. आर्टिकल भरपूर पानांचं, दोन-दोन कॉलम, बारीक टाइप. मी ते आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, मोबाईलवर हे वाचता येत नाही, डोळे फुटतात. सुरुवातीला अर्थांची थोडक्यात जंत्री, मग रूपं, मग कीलाकृती लिपीत (खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची लिपी) तो शब्द कुठल्या कुठल्या चिन्हांनी लिहायचे ते, मग जुन्या सुमेरियन-अक्कादियन शब्दयाद्यांमधल्या नोंदी (सुमेरियन ही तिथलीच, आधीची वेगळी भाषा), आणि मग एकेक अर्थ घेऊन त्याखाली उदाहरणं, खरीखुरी वाक्यं, कुठल्या पाटीवरची त्याच्या संदर्भासकट, आणि प्रत्येकाचं भाषांतर. तिथेच तर सगळी गंमत आहे.

आता रूपं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला हे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि समजल्यावर सगळ्यात जास्त आनंद झाला. अक्कादियन सेमिटिक भाषा, अरबी-हिब्रूच्या घराण्यातली, म्हणजे धातू तीन व्यंजनांचा: न-द-न. मधले स्वर बदलत जातात आणि अर्थ बदलतो. ‘त्याने दिलं’ हे व्हायला हवं इन्दिन, पण न च्या पुढे व्यंजन आलं की न त्याच्यात विरघळतो, म्हणून इद्दिन. आपल्याकडे उत् आणि लास मिळून उल्लास होतो ना, त् गेला आणि ल डबल झाला, अगदी तसं. मग येतं ‘तो देतो किंवा देईल’, त्याचं रूप इनद्दिन. इथेही द्द आहे पण हा द्द वेगळा! हा विरघळलेल्या न चा नाही, चालू किंवा पुढच्या काळाची खूणच ती आहे की मधलं व्यंजन डबल करायचं. म्हणजे इद्दिन मधला द्द नाइलाजाचा आणि इनद्दिन मधला द्द अर्थाचा. त्या कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन महिने दोन्ही एकच समजून चालले होते.

तिसरं रूप इत्तदिन, ‘त्याने दिलंय’ च्या जवळचं, मध्ये ‘त’ घुसतो आणि न त्या त मध्ये विरघळतो. आणि चौथं नदिन, ही स्थिती, दिलेलं असणं. इंग्रजीतून शिकवताना या चारांचा फार घोळ होतो असं माझं मत आहे, आणि मराठी माणसाला तो व्हायचं कारण नाही. दिलं, देतो, दिलंय, दिलेलं आहे. मोजून मापून एकास एक जुळतात असं मी म्हणत नाही, जुन्या बॅबिलोनियन पत्रांत इत्तदिन कधी वापरायचं याचे स्वतःचे नियम आहेत, पण कान तयार असतो आपला. व्हाउचरवर मी ‘दिले’ लिहिते तेव्हा तो व्यवहार असतो, फोनवर ‘अहो दिलेत ना’ म्हणते तेव्हा आत्ताच झालेली आणि या क्षणाशी संबंध असलेली गोष्ट असते, आणि लेजरमध्ये ‘दिलेले आहेत’ ही स्थिती असते, पेड. कस्पुम नदिन, चांदी दिलेली आहे, पेड.

एका बाबतीत तर अक्कादियन आपल्यापेक्षा सोपी. आपल्याकडे दिला, दिली, दिलं हे जी वस्तू दिली तिच्यावरून ठरतं, परदेशात वाढलेली आमची भाचरं तिथेच अडकतात. अक्कादियनमध्ये क्रियापद सरळ देणाऱ्याच्या मागे जातं, आणि जुन्या बॅबिलोनियनमध्ये तर तो असो की ती, एकवचनात इद्दिनच. अनेकवचनात मात्र पुरुषांचं इद्दिनू आणि बायकांचं इद्दिना (शेवटचा आ दीर्घ). समोरच्याला सांगायचं तर पुरुषाला इदिन, बाईला इदनी, दोघा-चौघांना इदना. ‘मला दे’ म्हणायचं तर इदनम, तो शेवटचा ‘अम’ म्हणजे माझ्याकडे, इकडे. आणि ‘देवो’ हवं असेल तर लिद्दिन, सुरुवातीला ल लागला की झाली इच्छा, देव तुझं भलं करो मधला ‘करो’ जसा तसा.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं रूप. ‘त्याने त्याला दिलं’. त्याला म्हणजे शुम, तो क्रियापदाला चिकटतो, इद्दिन अधिक शुम, आणि पुन्हा न पुढच्या श मध्ये विरघळतो: इद्दिश्शुम. बघा आता, धातू होता न-द-न, पहिला न द मध्ये गेला, शेवटचा न श मध्ये गेला, उरला एकटा द. डिक्शनरीत हा शब्द शोधायचा कसा? आय अक्षरात तो नाही. क्रियापदं मूळ रूपाखाली लावलेली आहेत, त्यामुळे दोन्ही न कुठे गेले हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे तर तुम्ही एन चा खंड उघडणार. ही डिक्शनरीची खरी अडचण आहे, नवशिक्याला दारातच अडवते, आणि म्हणून मी म्हणते आधी दोन-तीन महिने थोडं व्याकरण करा आणि मगच या.

माझंच उदाहरण. हम्मुराबी या बॅबिलोनच्या राजाच्या कायद्यांतला पहिलाच कायदा, त्यात शब्द येतो इद्दी. मी तो इद्दिन समजून वाचला, शेवटचं काहीतरी तुटलं असेल म्हटलं, आणि ‘नेरतम एलीशु इद्दी’ चा अर्थ लावला की खून त्याला दिला. काही केल्या वाक्य लागेना. हे क्रियापदच वेगळं, नदूम, टाकणे. ‘त्याच्यावर खुनाचा आळ टाकला’. मराठीत आळ घालतात, टाकतात, कुणी आळ देत नाही, माझ्या मराठी कानाने तिथेच थांबायला हवं होतं. नदूमचं आर्टिकलही त्याच खंडात, नदानुच्या थोडंसं पुढे, आणि ते वाचल्यावर दोघांमधला फरक असा पक्का झाला की आता चुकणं शक्य नाही. आणि त्याच कायद्याचा शेवटचा शब्द इद्दाक, तो आणखी तिसराच, ठार मारलं जाईल. इद्दिन, इद्दी, इद्दाक. तिन्हींच्या तोंडी तेच इद्द, आणि एकात चांदी मिळते, एकात आळ येतो, एकात जीव जातो.

अर्थाकडे येते. नदानु म्हणजे देणे हे पहिल्या ओळीत संपतं, त्यानंतरची पानं कशाला लागली? ती लागली कारण माणसं काय काय देतात आणि देणं या शब्दात काय काय बसवतात ते तिथे मांडून ठेवलंय. हम्मुराबीच्या कायद्यांचा तो काळा दगडी स्तंभ, १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सुसा इथे फ्रेंचांना सापडलेला, आता पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यातला आठवा कायदा माझ्या कामाच्या दृष्टीने बघा. कुणी बैल, मेंढी, गाढव, डुक्कर किंवा नाव चोरली आणि ती देवाची किंवा राजवाड्याची असेल तर त्याने तीसपट ‘इनद्दिन’, देईल. सामान्य माणसाची असेल तर दहापट भरून देईल, आणि इथे क्रियापद बदललंय, ‘इरिअब’, भरपाई करणे. आणि मग, चोराकडे ‘शा नदानिम ला ईशु’, तर त्याला ठार मारतील. शा नदानिम. शब्दशः ‘देण्याचं’. इंग्रजी भाषांतरात यासाठी लांबलचक काहीतरी लिहावं लागतं, आपण म्हणू ‘द्यायला नसेल तर’. चार शब्द, एक माणूस, त्याच्याकडे द्यायला नाही. मी वसुलीच्या याद्या करते तेव्हा ‘द्यायला नाही’ असलेली खाती वेगळ्या रंगात टाकते, त्यामुळे ही ओळ वाचताना अंगावर काटा आला हे खरं सांगते.

नवव्या कायद्यात तर या क्रियापदाची दुहेरी करामत आहे. कुणाची हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात सापडली, तर तो दुसरा म्हणणार, ‘नादिनानुम्मि इद्दिनम, मखर शीबीमि अशाम’. विकणाऱ्याने मला विकली, साक्षीदारांसमोर मी विकत घेतली. यात ‘विकणारा’ साठी शब्द आहे नादिनानुम, म्हणजे मुळात देणारा, मध्ये ‘आन’ लागून ‘तो विशिष्ट देणारा’, आणि ‘विकली’ साठी इद्दिनम, म्हणजे मुळात मला दिली. ते शेवटी चिकटलेलं ‘मि’ म्हणजे हे त्याचं बोलणं आहे अशी खूण, आपल्या ‘असं’ किंवा ‘म्हणून’ च्या जवळचं. आता ‘देणे’ चा अर्थ विकणे कसा काय झाला? डिक्शनरी दाखवते की पूर्ण प्रयोग आहे ‘अना कस्पिम नदानुम’, चांदीसाठी देणे, आणि जिथे संदर्भ बाजाराचा आहे तिथे चांदी शब्द न घालताही तेच कळायचं. इंग्रजी पुस्तकात हे स्पेशल अर्थ म्हणून वेगळं शिकवतात. मला काही शिकायची गरजच पडली नाही. मंडईत उभं राहून आपण काय विचारतो? कांदे कसे दिले? दिले अजून कुठेत, पैसे सुटायचेत, पिशवी रिकामी आहे, तरी कसे दिले. आणि ती मावशी म्हणते, तीसने दिले बघा. बॅबिलोनच्या बाजारातला नादिनानुम मला त्या मावशीमुळे कळला.

असंच मुलीचं. ‘अना अश्शूतिम इद्दिश्शि’, तिला बायको म्हणून दिलं, लग्नाच्या करारांत येतं. आपल्याकडे आजही ‘थोरली सांगलीला दिली’ असं सहज म्हणतात, आणि मला स्वतःला तो वाक्प्रचार आवडत नाही, पण अर्थ लागायला त्याने मदत केली हे नाकारता येत नाही. मूल दत्तक देणं, ‘अना मारूतिम नदानुम’, मुलगेपणासाठी देणं, आणि आपला दत्तक शब्दही ‘दिलेला’ यावरूनच आलेला. देणं आणि घेणं जोडीने आलं, नदानु आणि मखारु, की त्याचा अर्थ व्यापार, थेट देवाणघेवाण.

नावं तर काय, भरून पडलीत. असीरियाचा राजा एसरहद्दोन (इ.स.पू. ६८१ ते ६६९), त्याचं खरं नाव अश्शुर-अख-इद्दिन, अश्शुर देवाने भाऊ दिला. लार्साचा राजा सिन-इद्दिनम, सिन देवाने मला दिला. मर्दुक-नादिन-अख्खे, मर्दुक भाऊ देणारा. आपल्या दत्ता, देवदत्त, दत्तात्रेयाच्या नावात जो दत्त आहे तोच विचार. आणि लिहिताना गंमत म्हणजे ते पुष्कळदा इद्दिन अक्षरं फोडून लिहीतच नाहीत, सुमेरियन भाषेतलं देण्याचं एक चिन्ह टाकतात आणि वाचताना अक्कादियन वाचतात. लग्नपत्रिकेत आपण चि. सौ. कां. छापतो आणि वाचताना पूर्ण वाचतो, साधारण तसं समजा, फक्त इथे लिहिलेली खूण परक्या भाषेतली. डिक्शनरीत ही चिन्हं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, आठवड्याभरात सवय होते.

प्रयोजक रूप बघितलं आणि माझ्या टेबलवरचाच शब्द सापडला. शुद्दुनु, द्यायला लावणे, म्हणजे वसूल करणे. त्यावरून मुशद्दिनु, वसुली करणारा. कर्ज देणाऱ्याला आपण सावकार म्हणतो, वसुलीवाल्याला वेगळा शब्द, अक्कादियनमध्ये मात्र देणारा आणि द्यायला लावणारा एकाच धातूतून निघतात. खंडणीला शब्द मद्दत्तु (काही काळात मन्दत्तु), तोही इथूनच, जे द्यावं लागतं ते, आपलं ‘देणं’. असीरियन राजांच्या शिलालेखांत हा शब्द पानोपानी येतो. आणि नुदुन्नू, हा शब्द मला खूप वेळ धरून बसला. हम्मुराबीच्या काळात नुदुन्नू म्हणजे नवऱ्याने बायकोला दिलेलं, नवऱ्यामागे तिच्या उपयोगी पडणारं, आणि माहेरून येणाऱ्याला वेगळा शब्द होता, शेरिक्तुम. हजारेक वर्षांनी नव-बॅबिलोनियन काळात तोच नुदुन्नू शब्द माहेरून येणाऱ्या संपत्तीसाठी वापरलेला दिसतो. शब्द तोच, देणारा बदलला. हे एका ओळीत कुणी सांगितलं असतं तर विसरले असते. इथे दोन्ही काळातली वाक्यं एकाखाली एक लावलेली आहेत आणि तुम्हाला स्वतःला दिसतं की शब्द सरकलाय.

बोलीभेदही असाच दिसतो. तुर्कस्तानात कानेश नावाच्या ठिकाणी असीरियन व्यापाऱ्यांची वसाहत होती, त्यांची हजारो पत्रं मिळालीत, ते नदानुम म्हणतच नाहीत, तदानुम म्हणतात, आणि ‘देईल’ साठी इद्दन. बॅबिलोनच्या उत्तरकाळात इनद्दिन चं इनन्दिन किंवा इनम्दिन होतं, कर्जाच्या कागदांत अमुक महिन्यात चांदी इनम्दिन असं येतं. पहिल्यांदा बघून वाटलं गेलेला न परत आला! तसं नाहीये, तो मूळचा न नव्हे, डबल द चा उच्चार फोडताना नाकात गेलेला न आहे. पण सोळाशे वर्षांत एक शब्द तोंडातल्या तोंडात कसा घासत गेला ते एकाच आर्टिकलमध्ये बघायला मिळतं.

वाक्यात जागा कुठे, तर शेवटी. चांगलं तांबं गिमिल-सिनला देईन, हाच क्रम मूळ पाटीत, कर्म, कुणाला, आणि मग अनद्दिन. सेमिटिक घराण्यातल्या बाकी भाषा क्रियापद आधी घ्यायला बघतात, अक्कादियनने सुमेरियनच्या सहवासात राहून ते शेवटी नेलं असं मानतात. मराठी वाचकाला यात काही उलटसुलट करावंच लागत नाही. इंग्रजी भाषांतर मध्ये न आणता थेट मराठीत अर्थ लावत जा, मी आता तसंच करते, वहीत डावीकडे अक्कादियन, उजवीकडे मराठी, आणि इंग्रजी फक्त अडलं तर.

आता उणिवा, कारण त्या आहेत. पहिली वर सांगितली, रूपावरून शब्द शोधता येत नाही. दुसरी संक्षेप. प्रत्येक उदाहरणापुढे कुठल्या पाटीचा संदर्भ ते दोन-तीन अक्षरांत दिलेलं असतं, त्याची यादी खंडाच्या सुरुवातीला, सतत पानं उलटावी लागतात, मी शेवटी ती पानं वेगळी प्रिंट काढून शेजारी ठेवली. तिसरी, पीडीएफ जुन्या छापील पानांच्या आहेत, अक्षरांखालची टिंबं आणि वरच्या रेषा यांमुळे शोधखिडकीवर विसंबू नका, पानाच्या डोक्यावर शब्द दिलेला असतो तो बघत हाताने जा, तेच लवकर होतं. इंग्रजीवरून अक्कादियन शोधायची सोय नाही. आणि खंड अक्षरांच्या क्रमाने निघाले नाहीत, पन्नास-पंचावन्न वर्षांत जसे तयार झाले तसे निघाले, त्यामुळे जुन्या खंडांत नंतर सापडलेल्या पाट्यांचं काही नाही. काम पुढे सरकलं की जुनी पानं मागे राहतात, याला इलाज नाही पण वाचताना खंडाचं साल बघत जा.

पुण्यातल्यांना एक सांगावंसं वाटतं. डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चाललंय, डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलेलं, आणि तिथे साधारण एक कोटी चिठ्ठ्या आहेत, शब्द, वाक्य, संदर्भ, हाताने लिहिलेल्या. लोक विचारतात इतकी वर्षं काय करतात आणि अजून ‘अ’ वरच कसे. त्यांना मी म्हणेन नदानुची ही पानं एकदा वाचून बघा. एका साध्या ‘दे’ ला इतकी पानं लागतात आणि त्यातली एकही फालतू नसते हे कळलं की चिठ्ठ्या जपणाऱ्यांबद्दल वेगळाच आदर वाटतो. शिकागोची पूर्ण झाली आणि फुकट वाटली, आपलीही होऊ दे, मनापासून वाटतं.

कुणी घ्यावी? ज्यांना नुसतं एआ-नासिरचं कुतूहल आहे त्यांना ही जड जाईल, एका खंडातल्या छोट्या डिक्शनरीने त्यांचं भागेल. ज्यांनी थोडं व्याकरण केलंय आणि शब्द पाठ होऊनही वाक्य लागत नाही अशा जागी अडकलेत, त्यांनी उद्याच डाउनलोड करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा संक्षेपांसाठी कापला. सगळे सव्वीस एकदम उतरवत बसू नका, फाइली मोठ्या आहेत आणि उघडल्याही जाणार नाहीत. आधी एन चा पहिला भाग, नदानु आणि मग नदू, त्याच क्रमाने. एक महिना द्या त्याला. त्यानंतर एल, तिथे लेकू आहे, घेणे, ‘घ्यायचं तर घ्या’ मधलं. मी सध्या तिथे आहे, तिसऱ्या पानावर.